सुनेला मत नव्हतं

इंग्लंडने युरोपच्या संघात राहावं की बाहेर पडावं, याचा घोर मला पालीच्या बाजारात वांगी निवडताना लागला होता, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. आमचे धाकटे भावजीसुद्धा हसले होते. "वयनी, तुम्हाला विचारल्याशिवाय त्या लोकांचं अडलंय म्हणे!" असं भर बाजारात म्हणाले. पण माझा मुलगा तिकडे, सून पोलंडची आणि नात त्या दोघांची. मग ते भांडण माझ्या चुलीपर्यंत आलंच की नाही?

झालं होतं असं की तिकडे त्यावर लोकांचं मत घ्यायचं ठरलं. आपला पासपोर्ट असलेली माणसं तिथे राहत असली तर त्यांनाही मत. पूर्वी इंग्रजांचं राज्य होतं ना आपल्यावर, त्या जुन्या नात्याने. सून मात्र संघातल्याच देशाची, तरी तिला मत नाही. म्हणजे रत्नागिरीच्या पोराने ठरवायचं आणि युरोपातल्या मुलीने बघत बसायचं. हे मला पुन्हा पुन्हा समजावून घ्यावं लागलं.

आणि मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी बहुतेक बाहेर पडायच्या बाजूने मत टाकणार."

पोलंड संघात म्हणून तर सून तिथे व्हिसाशिवाय राहत होती. देश बाहेर पडला तर तिचं काय, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

"अरे, तिच्या पायाखालची जमीन आहे ती."

"तिला कोण काढतंय? माझी बायको आहे ती. आणि मी व्हिसासाठी किती खेटे घातले ते विसरलीस? दादाला चार दिवस बोलवायचं म्हटलं तर व्हिसावाले नाही म्हणाले. युरोपवाले मात्र पिशवी उचलतात नि येतात. सगळ्यांना एकच नियम असावा, यात माझं काय चुकलं?"

त्यात चुकलं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. त्याच्या मागे भांडी आपटल्याचा आवाज येत होता. सून मराठी मोडकं बोलते, पण कळतं तिला सगळं.

आता अशा वेळी आमच्याकडे माणूस काय करतो? देवीला कौल लावतो. विहीर कुठे खणायची, मुलीचं स्थळ घ्यायचं की सोडायचं, सगळं तिला विचारून. मी देवळात गेले. गुरवाला सगळं सांगितलं. तो पाकळ्या भिजवत होता, तो थांबलाच.

"काकू, देवीचा कारभार गावच्या शिवेपुरता. इंग्लंड नाय तिच्याकडं."

"पण मुलगा तर तिचाच ना? दर शिमग्याला त्याच्या नावाचा नारळ येतो."

हे त्याला पटलं. "मग त्याच्यापुरतं विचारू."

त्याने गाऱ्हाणं घातलं. देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर राहायच्या बाजूने, डावीकडची पडली तर बाहेरच्या. आम्ही टक लावून बसलो. वाऱ्याची झुळूक नाही. पाकळ्या कडेने सुकायला लागल्या, पण एक हलेल तर शपथ. गुरवाने पुन्हा विनवलं, हात जोडले. नाहीच.

"आज बोलत नाय ती," गुरव म्हणाला. "तुमच्या घरातलं तुमीच बगा, म्हनते."

भावजी पायरीवर बसले होते, ते म्हणाले, "बघा, तिला पण तिकडे मत नाय!"

मला काही हसू आलं नाही. घरी येताना खालच्या वाडीकडे जाणारी पाणंद लागते. तिथे आले आणि मला माझ्या मोठ्या नणंदबाई आठवल्या. घरी पोचले ती चप्पल काढायच्या आधी मुलाला फोन लावला.

म्हटलं, "तू पाळण्यात होतास तेव्हाची गोष्ट. शिमग्यात देवीची पालखी आपल्या वाडीत सगळ्यांत शेवटी यायची. माणसं पेंगलेली, ढोल थकलेले. आपल्या लोकांनी किती वर्षं सांगितलं, एकदा क्रम बदला. कुणी ऐकेना. मग वाडीची बैठक झाली, की आपण गावातून फुटू, आपली पालखी आपण काढू. घरटी एका पुरुषाने हात वर करायचा. तुझ्या बाबांनी केला."

"बरोबरच केलं मग."

"बरोबर होतं रे. पुढच्या शिमग्याला देव पहिल्यांदा उजेडात आपल्या दारात आला. मी नवी साडी नेसले होते. तो आनंद काही खोटा नव्हता. पण तुझी आत्या खालच्या वाडीत दिलेली. बैठक होती त्याच दिवशी ती बाबांना आवडतात म्हणून सुके बांगडे घेऊन आली होती. तिला कुणी विचारलं नाही, ती बाई आणि वर परक्या वाडीतली. मग सासरी तिला ऐकवायला लागले, तुझ्या माहेरच्यांनी देव फोडला. आपल्या पालखीला तिला पाठवीनात. पाणंदीच्या पलीकडे उभी राहायची, पदराखाली ओटीचं सामान घेऊन. बाबा अलीकडून जायचे. भाऊ होता तो तिचा."

तो मग म्हणाला, "आई, एका गावाची पालखी आणि एवढा देश, सारखं आहे का?"

"नसेल. मला देशातलं काय कळतं? त्या लोकांचं काय ते त्यांना माहीत. पण तुझ्या घरात मत एकाला आहे आणि काही जायचं झालं तर ते दुसरीचं जाणार आहे, एवढं मला कळतं. टाकायचं ते टाक. पण आधी तिच्यासमोर बस आणि तिच्या तोंडावर सांग, मी अमुक टाकतोय."

"बघतो," म्हणाला. ह्या मुलाचं "बघतो" म्हणजे काय ते मी लहानपणापासून ओळखते.

शेवटी तो देश बाहेरच पडायला निघाला. सकाळी मुलाचा फोन. "लागला निकाल. बाहेर."

"आणि तू?"

"राहायला टाकलं. तू म्हणालीस ना." इतक्या भरभर बोलला, जसा उपाशी असताना "जेवलो" म्हणतो. मी पुढे विचारलं नाही. मला धीरच झाला नाही.

काही दिवसांनी सुनेचा व्हिडिओ फोन आला, एकटीचा. मांडीवर नात होती, माझ्याकडे बघून हात हलवत होती. सून हसली नाही.

"आई, तो म्हणतो, मत माझ्यासाठी दिलं. खरं आहे?"

मत घडी घालून पेटीत जातं. ते मी बघितलेलं नाही, तिने नाही, देवीनेही नाही. माहीत नाही म्हणाले असते तर तेच खरं होतं. पण समोर ती लेकराला धरून बसलेली, कधी कुठलं कार्यालय काय सांगेल याची धास्ती चेहऱ्यावर. देशाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घराचं तरी द्यायला हवं होतं.

"खरं आहे गं," मी म्हटलं.

तिने नातीचा हलणारा हात धरून खाली घेतला. मग म्हणाली, "बरं."

पुढे तिला कायमचं राहायचे कागद मिळाले. नात शाळेत जाते. देशाने तिला ठेवून घेतलं, तिथली चिंता मिटली. पण त्या "बरं"मध्ये विश्वास होता की तिने म्हातारीचं मन राखलं, ते मला अजून उमगलेलं नाही. आजही तिचा एकटीचा फोन आला की मी आधी तिचा चेहरा वाचते, मगच विचारते, कशी आहेस.