तिथली पदवी इथे चालते का

कोर्टात तिला सगळे दुभाषीबाई म्हणायचे. परभाषेतला माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की ती त्याच्या शेजारी उभी राहायची आणि त्याचं बोलणं न्यायाधीशांना समजेल अशा भाषेत सांगायची. 'तो म्हणतो' असं म्हणायची सोय नव्हती, 'मी'च म्हणायचं. त्यामुळे कितीतरी चोऱ्या आणि एक-दोन खून तिने भर कोर्टात कबूल केले होते. शिपाई म्हणायचा, "बाई, तुम्हाला अजून बेड्या कशा पडल्या नाहीत?"

दुसऱ्यांचे शब्द वाहता वाहता तिला स्वतः युक्तिवाद करायची ओढ लागली. चाळिशीच्या उंबऱ्यावर तिने कायदा शिकायला परदेशी जायचं ठरवलं. दोन ठिकाणांहून होकार आला. एक देश शेजारचा. तिथली पदवी इथे चालायची; ती घेऊन परत यावं आणि इथे वकिली करावी. दुसरा समुद्रापलीकडचा, ज्या भाषेची ती भाकरी खात होती त्या भाषेचा. तिथली नुसती पदवी इथे चालत नव्हती. डॉक्टरचं बरं, हाड सगळीकडे सारखंच. कायदा मात्र वेस ओलांडली की परका होतो.

तिचं मन केव्हाच समुद्र ओलांडून गेलं होतं. जेवताना घरात तिकडच्या थंडीचं बोलणं झालं, वयाचं झालं. धाकटा भाऊ म्हणाला, "वर्गात मास्तरच तुला ताई म्हणतील." तीही हसली. कळीचं कोणी विचारेना आणि आपणहून तिला सांगवेना.

वडील हात धुऊन आले. "तिथली पदवी इथे चालते का?"

"परत आल्यावर आणखी एक परीक्षा दिली तर..." ती थांबली. मग म्हणाली, "ती परीक्षा मी देणार नाही, आबा."

आई ताटं उचलत होती, ती तशीच उभी राहिली. वडिलांनी एकेक बोट पुसलं.

"वरची हिची खोली भाड्याने देऊ," ते म्हणाले.

"एवढी काय घाई?" आई म्हणाली.

"रिकामी ठेवली तर तू वाट बघत बसशील."

रविवारी दुभाषीबाईने आपल्या हाताने खोली आवरली. वडील खिडकीच्या बिजागरीला तेल देत होते. दुपारी एक शिक्षिका खोली बघायला आली. ऊन येतं का, असं तिने विचारलं.

"सकाळचं येतं," दुभाषीबाई म्हणाली. "पलंग या भिंतीला लावू नका. डोळ्यांवर येतं."