चार बोटं हवा

रतनभाऊ गेल्याचा फोन त्याच्या पुतण्यानं केला, तेव्हा मी नाशिकला मुलीकडे डोळ्याचं ऑपरेशन करून काळा चष्मा लावून बसलो होतो. दहाव्याला जाता आलं नाही, तेराव्यालाही नाही. डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले आणि मुलीनं डॉक्टरांचीच बाजू घेतली. तापीकाठच्या त्याच्या गावी मी पोचलो तो महिना उलटल्यावर. तिथे हिरावहिनी मला जे बोलल्या, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. पण त्याआधी रतनभाऊ कोण, हे सांगायला हवं.

मी त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो तेव्हा आमचा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता आणि गावात वीज नव्हती. रतनभाऊ गुजर शेतकरी. कपाशी आणि केळीत दिवसभर राबायचा आणि उरलेला वेळ उघड्या पडलेल्या रेडिओंच्या पोटात घालायचा. शिक्षण सातवीपर्यंतच. मी पुस्तकातलं सांगायचो, तो हात लावून बघायचा, आणि बहुतेक वेळा पुस्तकाला माघार घ्यावी लागायची. तो मला ‘मास्तर’ म्हणायचा, त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी कधी लावला नाही.

हिरावहिनी त्याची बायको, माहेर सुरतेकडचं. लग्नानंतर चार-पाच वर्षांत त्यांना ऐकू येणं कमी होत गेलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी मान हलवली. आधी त्यांनी शेजारी जाणं सोडलं, मग हळदीकुंकू, मग बोलणंच. कुणी काही विचारलं की नुसतं हसायच्या. एकदा रतनभाऊला म्हणाल्या होत्या, मी या घरात ओझं झाले आहे, दुसरी करा. हे त्यानं मला बांधावर बसून सांगितलं आणि बराच वेळ ढेकळं फोडत राहिला... मग म्हणाला, तिला मोठ्यानं ऐकू येतं, फक्त ‘मोठ्यानं’ बनवायचं आहे.

छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ घरात होता, पण त्याचा जीव केवढा. त्याचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बांधायचं ठरवलं. मुंबईहून पोस्टानं दोन मोठे पॉवर ट्रान्झिस्टर मागवले. भल्या मोठ्या बटणांसारखे दिसायचे. सहासष्ट-सदुसष्ट साल असेल. मोठा आवाज काढताना हे ट्रान्झिस्टर तापतात आणि ती उष्णता कुणी वाहून नेली नाही तर कायमचे मरतात. त्यासाठी त्यांना धातूच्या जाड पट्टीवर, पंखे म्हणजे उभ्या पात्या असलेल्या हीटसिंकवर बसवावं लागतं. तयार हीटसिंक आम्ही कधी डोळ्यानं पाहिलासुद्धा नव्हता.

पहिला प्रयोग जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीवर झाला. ताटली पाच मिनिटांत पापड भाजावा इतकी तापली. मग मी गणित मांडलं, क्षेत्रफळ काढलं, काजळी फासायचा सल्ला दिला. रतनभाऊनं गणित शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या भंगारवाल्याकडून एका फटफटीच्या इंजिनाचं डोकं उचलून आणलं. त्याला ॲल्युमिनियमचे सुरेख पंखे होते. पंख्यांचे दोन तुकडे त्यानं करवतीनं कापले आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यांची पाठ घासत बसला. घासायचा, खिडकीकडे धरून डोळा लावायचा, पुन्हा घासायचा. असे चार दिवस. ट्रान्झिस्टर आणि धातू यांच्यात हवेचा पापुद्रासुद्धा राहता कामा नये. पण दोघांची थेट गाठ पडली तर वीज हीटसिंकमध्ये उतरते, म्हणून मधे अभ्रकाचं पान हवं. ते भंगारातल्या विजेच्या इस्त्रीच्या कॉईलमधून काढलं आणि ब्लेडच्या पात्यानं सोलून पातळ केलं. स्क्रूंमधूनही वीज उतरू नये म्हणून त्यांना सायकलची वालट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी घातली. भोकाच्या कडेला उरलेला एवढासा काटासुद्धा अभ्रक फोडतो, म्हणून प्रत्येक कड त्यानं नखानं तपासली. पंखे उभे ठेवले, आडवे नाही, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. मग बॅटरी जोडली आणि अर्ध्या तासानं माझा हात धरून पंख्यावर ठेवला.

“धा मोजापर्यंत अंगठा ठिवता ऊना ना, मंग काळजी नई,” तो म्हणाला. “अंगठा खोटं बोलस नई.”

मी दहापर्यंत मोजलं, अंगठा भाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर गुजराती भजन लागलं होतं. वहिनी चुलीपुढून उठून आल्या आणि अँप्लिफायरच्या पेटीसमोर उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच. मग त्या भजनाबरोबर गुणगुणू लागल्या, जरा बेसूरच. रतनभाऊ भिंतीकडे तोंड करून पक्कड शोधत राहिला. पक्कड त्याच्या खिशात होती. मला त्या दिवशी त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. आठवडाभरात वहिनी शेजारणींना घरी बोलावू लागल्या.

आता, आपल्याकडे घरात रेडिओ आला की त्याला झबलं शिवायचंच. उघडा रेडिओ म्हणजे घरच्या बाईची अब्रू उघडी. वहिनींनी आमच्या पेटीसाठी जाड कापडाचं झाकण शिवलं, त्यावर मोर भरले, कडेला मणी लावले. रात्री जागून शिवलं असणार, कारण आम्हाला पत्ताच नव्हता. घोड्यांच्या यात्रेच्या दिवसांत घरी पाहुणे आले, आम्ही दोघं पाहुण्यांना घेऊन यात्रेत गेलो आणि मागे वहिनींनी हौसेनं झाकण घातलं. पंख्यांसकट सगळी पेटी झाकली गेली. आवाज फाटू लागला असणार, पण तो फाटलाय हे त्यांना कळणार कसं...

दुपारी परतलो तर पेटी मुकी, जळकट वास आणि वहिनी स्वयंपाकघरात. रतनभाऊनं झाकण उचललं, पंख्याला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. दोन्ही ट्रान्झिस्टर गेले होते. झाकणाला आतून तपकिरी डाग पडला होता. त्यानं ते नीट घडी करून फळीवर ठेवलं.

“मास्तर, तुन्ही चूक व्हती असं सांगजो,” तो हळूच म्हणाला. “अभ्रक फाटेल व्हता. तिले कळनं तं ती आते कसालेच हात लावाव नई.”

मी हो म्हटलं. त्यानं वहिनींना ओरडून सांगितलं, मास्तरनं फाटका अभ्रक बसवला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि खरं सांगतो, मला रागही आला. चार दिवस घासलेली ती पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि गावभर बदनामी माझी होणार होती.

नवे ट्रान्झिस्टर यायला दोन महिने लागले. तेवढ्यात त्यानं हीटसिंक पेटीच्या पाठीवरून काढून माथ्यावर बसवले आणि जाड तार वाकवून त्यांच्यावर एक चौकट उभी केली. वहिनींचं झाकण आता मांडवासारखं त्या चौकटीवर राहायचं. झाकण आणि पंखे यांच्यात चार बोटं हवा, चारी बाजूही मोकळ्या. झाकण घालू नकोस, असं त्यानं बायकोला कधीच सांगितलं नाही. तो अँप्लिफायर पुढे कितीतरी वर्षं वाजला. त्या घरी गेलो की वहिनी मला हटकून विचारायच्या, मास्तर, अभ्रक बघून लावता ना आता? आणि रतनभाऊ खो खो हसायचा.

परवा गेलो तेव्हा वहिनी ओट्यावरून आत आल्या आणि समोर बसल्या. ऐकू येणं आता जवळजवळ संपलंय. मग त्या एकदम म्हणाल्या,

“भाऊजी, तुन्ही चूक नव्हती. ती तारनी चौकट देखी, तवाच माले समजनं. चूक तुन्ही व्हती तं मन्हा झाकणले चौकट कसाले?”

मी चष्मा काढून पुसू लागलो.

“त्यास्ले वाटे, माले माहीत नई. मी बी बोलनू नई. सांगाले जोयजे व्हतं का?”

“नई वहिनी,” मी म्हणालो. “त्याले तेच आवडे.”

त्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो. तरी नाही. शेवटी मी उठलो, त्यांच्या कानाशी वाकलो आणि जी गोष्ट आम्ही तिघांनी एकमेकांपासून जन्मभर झाकली, ती पार ओट्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं ओरडून सांगितली: अभ्रक फाटलाच नव्हता, आणि तुम्ही पुन्हा बुजू नये म्हणून त्यानं ती चूक माझ्या नावावर घातली. आवाज माझाच फाटला.

वहिनींनी डोळे पुसले. “आखो एकदा सांगा,” म्हणाल्या.

त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं, हे मला दिसत होतं. मी पुन्हा सांगितलं.