कापला जावा म्हणून काढलेला घुमट

आमच्या ऑफिसातले म्हातारबुवा मूळचे पोलंडचे. तिथे समाजवादी सरकार होतं तेव्हा ते आर्किटेक्ट होते. म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, एकच इमारत आयुष्यभर पुन्हापुन्हा काढत होते. भिंती कारखान्यातून तयार होऊन यायच्या, खिडक्यांची जागा ठरलेली असायची. इमारतीचं तोंड कुठे करायचं एवढं तरी आर्किटेक्टने ठरवावं, तर तेही क्रेनचे रूळ कुठे टाकलेत त्यावर ठरायचं. हे सगळं ते कुवेतच्या शुवैख भागातल्या टाइल्सच्या गोदामावर असलेल्या आमच्या ऑफिसात बसून, काळ्या चहात लिंबू पिळत सांगायचे. मी नाशिकला गिऱ्हाइकांच्या मेहुण्यांच्या सूचनांप्रमाणे बंगले काढलेले, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली.

कुवेतला ते स्वतःहून आलेच नव्हते. इथे इमारती भराभर उठत होत्या, तिकडच्या सरकारला परकीय चलन हवं होतं, म्हणून सरकारनेच त्यांना तीन वर्षांसाठी पाठवलं. मग मुदत वाढत गेली आणि मध्येच ते सरकारच गेलं. आता परत बोलावणार कोण, म्हणून राहिलो, असं ते सांगत. ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनकडून त्यांनी हिंदी उचलली होती. मला ते ‘कॉम्रेड’ म्हणायचे, चिडले की ‘मॅडम’.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट कारंज्याची. तिकडे प्रत्येक नकाशा समितीपुढे जायचा आणि काहीतरी कापल्याशिवाय समितीला जेवण जात नसे. म्हणून म्हातारबुवा प्रत्येक नकाशात मुद्दाम एक कारंजं काढायचे. मोठं, उधळं, मधोमध दगडी मासा. समिती त्या माशावर तुटून पडायची, कामगारांच्या देशात ही चैन कशाला म्हणून भाषण व्हायचं, लाल पेन्सिलीने कारंजं खोडलं जायचं आणि सगळे समाधानाने उठायचे. म्हातारबुवांना खरी हवी असलेली रुंद बाल्कनी मात्र शाबूत राहायची. सबंध नोकरीत एकही कारंजं बांधलं गेलं नाही, हे ते अभिमानाने सांगायचे. मी सोसायटीच्या कमिट्या पाहिलेली बाई. मला वाटलं, हाती किल्लीच लागली.

गेल्या वर्षी कुवेतच्याच हवल्ली भागातली एक जुनी पाच मजली इमारत आमच्याकडे ‘मॉडर्न’ करायला आली. ती म्हातारबुवांनी इथे आल्यावर केलेली, आणि जशी काढली तशीच बांधली गेलेली त्यांच्या आयुष्यातली एकमेव इमारत. तिच्या पश्चिमेच्या सबंध भिंतीपुढे काँक्रीटची जाळी होती. तिचा कोन त्यांनी असा बसवला होता की जुलैच्या तिसऱ्या प्रहरीसुद्धा ऊन खोलीत शिरत नसे. योगायोग असा, की कुवेतला आल्यावर आम्ही पहिली चार वर्षं तिथेच तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिलो. दुपारी घर गार असायचं आणि त्याचं श्रेय मी नाशिकहून आणलेल्या पडद्यांना देत होते. पाहुण्यांनाही तसंच सांगत होते.

काम माझ्याकडे आलं तेव्हा म्हातारबुवा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे, पोलंडला निघाले होते. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, “जाळी राहील ना?”

मी म्हटलं, “ती माझ्यावर सोडा, सर.”

आणि मी कारंजं काढलं. म्हणजे घुमट काढला. प्रवेशद्वारावर, सोनेरी, खाली चार खांब, खांबांवर द्राक्षांचे घोस. इतका भयंकर घुमट काढायलाही हात लागतो, हे मला मान्य करा. मालक बघेल, हादरेल, घुमट कापेल आणि शांत मनाने घरी जाईल, जाळी वाचेल. म्हातारबुवा परत आले की त्यांना सांगायचं, बघा, तुमची विद्या वाया गेली नाही.

मालकाने चित्र पाहिलं. मग त्याने धाकट्या भावाला फोन लावून चित्र दाखवलं. मग आईला. आईने खांबांबद्दल काहीतरी विचारलं, आणि मालक माझ्याकडे वळून हसला.

“मुहंदिसा,” तो म्हणाला. इथे इंजिनिअर बाईला असंच म्हणतात. “घुमट सुंदर आहे. पण ही जुनी जाळी रस्त्यावरून घुमटाच्या आधी नजरेत भरते. ती काढा, तिथे काच लावा.”

मी बोलले. उन्हाबद्दल बोलले, कोनाबद्दल बोलले, तिथे राहिले होते हेही सांगितलं, पडद्यांचं तेवढं वगळून. एसी आहे ना, असं तो अगदी गोडीने म्हणाला. मला तेव्हा कुठे उजाडलं. समितीला नाही म्हणण्याचाच पगार असतो. स्वतःची इमारत सजवायला बसलेला माणूस घुमटाला नाही कशाला म्हणेल? पोलंडची युक्ती मी हवल्लीत वापरली होती, आणि ज्यांच्यासाठी वापरली त्यांचीच जाळी माझ्या हाताने नकाशावरून खोडली.

जाळी फोडायला ब्रेकर लागले आणि तरी बरेच दिवस गेले, इतकी ती पक्की होती. म्हातारबुवा फोनवर विचारायचे, मी ‘काम चालू आहे’ म्हणायचे. ते खोटं नव्हतं, एवढंच.

पाच महिन्यांनी ते आले. आता सगळं लख्ख दिसतं म्हणून खूश होते. पहिल्याच दुपारी म्हणाले, हवल्लीला चल. गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं, घुमट, मालकाची आई, फोनवरची माझी उत्तरं. मला शरम वाटत होती, आणि त्यांनी मला ‘मॅडम’ म्हणून झापावं असं मनापासून वाटत होतं.

इमारतीसमोर ते काळा चष्मा लावून उभे राहिले. घुमट चकाकत होता. द्राक्षं माझ्या चित्रातल्यापेक्षा मोठी झाली होती.

“हमारा फव्वारा पूरा नौकरी में एक नहीं बना, कॉम्रेड,” ते म्हणाले. “तुम्हारा पहला बार में बन गया.”

मग आम्ही पश्चिमेच्या बाजूला गेलो. सगळी नवी निळी काच, आणि तिसऱ्या मजल्यापासून वरपर्यंत जवळजवळ प्रत्येक खिडकीला भाडेकरूंनी ऊन अडवायला आतून स्वयंपाकघरातली चांदीची फॉइल चिकटवलेली. आमच्या जुन्या खोलीला तर दुहेरी होती. म्हातारबुवांनी चष्मा काढला, डोळे बारीक करून एकेक मजला नीट पाहिला आणि मला विचारलं की ही फॉइल तरी मालकाला आवडली का.