आऱ्याच्या चकतीवरचा आरसा

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका आरागिरणीत फिटर होतो. वय सव्वीस. वाफेच्या इंजिनावर भलामोठा गोल आरा फिरायचा आणि सागाचे ओंडके चिरायचा.

एका सकाळी ओंडका तिरका आपटून आरा अडकला. लाकडाचा ढलपा उडाला आणि एका मजुराच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात धाडलं. मी पातं बदललं, तर नवं पातंही फिरताना लटपटायला लागलं. मुकादम म्हणाला, एवढं तेवढं चालतं, दुपारी गिरणी सुरू करा.

पातं ज्या चकतीवर कसतात, ती शाफ्टला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, काटकोनात राहिली नसावी, अशी मला शंका होती. मोजायचं साधन मात्र नव्हतं. मग मी पातं उतरवलं, दाढीचा आरसा चकतीवर सपाट बसवून कडेनं मेण लावलं. छपराच्या पत्र्यातल्या भोकातून येणारी उन्हाची तिरीप त्यावर पडली आणि कवडसा समोर ठेवलेल्या फळीवर उतरला. हातानं शाफ्ट फिरवला. चकती काटकोनात असती तर कवडसा जागेवर राहिला असता, तो वाटोळा फिरला.

चकती एका बाजूनं कलली होती. मी आरसा काढून त्या बाजूला चकतीवर पातळ कागद घालायचो, पुन्हा आरसा बसवायचो, पुन्हा शाफ्ट फिरवायचो. सूर्य सरकत होता, त्यामुळे दरवेळी फळीवर नवी खूण करावी लागे. माझी बोटं घामानं घसरत होती. मुकादम दोनदा येऊन गेला. शेवटी पूर्ण फेरा झाला तरी कवडसा हलला नाही.

आरसा काढला आणि कागद तसेच ठेवून त्यांच्यावर पातं कसलं. आऱ्यावर ओंडका लावणारा गोंड माणूस माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता. सकाळी जखमी झालेला मजूर त्याचाच जोडीदार. सगळा वेळ तो भुशात बसून माझं काम पाहत होता. आता उठून तो जवळ आला.

"मी आऱ्यापाशी उभा राह्यतो, मिस्त्री," तो म्हणाला. "पण तुमी माह्या बाजूले उभे राह्यसान काय?"

माझा हिशेब बरोबर आहे, असं मला वाटत होतं. पण सकाळी ढलपा लागला होता तो त्याच जागी. नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो.

इंजिन सुरू झालं. पात्याचा वेग वाढत गेला, कडा पुसट झाली, आवाज मात्र एकसारखा राहिला. त्यानं ओंडका पुढे ढकलला. दात लाकडात शिरले. फळी सरळ सुटून पलीकडे पडली.

"आता ठीक आहे," एवढंच म्हणून त्यानं दुसरा ओंडका ओढला.

त्याचा जोडीदार दोन महिन्यांनी कामावर आला, पण आऱ्यापाशी पुन्हा उभा राहिला नाही. लाकडं मोजायचं काम त्यानं मागून घेतलं. मी तिथं होतो तोवर पातं बदललं की पहिल्या ओंडक्याला मला बोलावणं यायचं, आणि मी जायचो.