वडाच्या एका फांदीसाठी नांदेड ते लातूर

कुंडीतलं झाड मांडीवर घेऊन एसटीने जायचा विचार असेल तर आधी माझं ऐका. सोबत वडील असतील तर दोनदा ऐका.

चूक माझीच होती. कपडे वाळत घालताना बादली लागली आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बुटक्या वडाची डावी फांदी बुडापासून तुटली. किल्लारीजवळचं आमचं गाव भूकंपात गेलं, तेव्हा चावडीसमोरच्या वडाची काडी अण्णांनी तेलाच्या डब्यात लावून नांदेडला आणली होती. गावचं तेवढंच त्यांच्याकडे उरलंय. फांदी तुटल्यावर त्यांनी कुंडी उचलून फिरवली. तुटकी बाजू भिंतीकडे केली आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

लातूरला एक चाचा झाडाला नवी फांदी बसवून देतात असं कळलं, म्हणून निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर; चार तास धरून चला. कंडक्टर म्हणाला, "कुंडी डिकीत टाका." अण्णा म्हणाले, "मग मलाबी डिकीतच टाक." अहमदपूरला स्टँडबाहेर फोडणीच्या मुरमुऱ्यांचं गरम सुशीला जरूर खा. मी एकटीनेच खाल्लं, कारण अण्णा कुंडी सोडेनात.

लातूरला रिक्षावाल्याने पिशव्या आणि वडील बघून विचारलं, "कोणत्या क्लासला ॲडमिशन हाय?" मी चाळिशी ओलांडलेली बाई. पन्नास रुपये घेऊन त्याने क्लासच्या गल्लीतच सोडलं, आणि वैताग म्हणजे पत्ता तोच निघाला. चाचांच्या रोपवाटिकेच्या जागी आता मुलींचं होस्टेल आहे, त्यांच्या कुंड्या गच्चीवर गेल्यात. तीन जिने चढताना अण्णांनी कुंडी माझ्याकडे दिली नाही ती नाहीच.

चाचांनी चष्मा लावून कुंडी फिरवली. "लांब वाढलेली फांदी कुठं हाय?"

"ती कशाला?" मी विचारलं.

"तीच वाकवून तुटल्या जागी आणायची. दोन्हीकडची साल सोलायची, बांधून ठेवायचं. जुळलं की मागून कापायचं. आपल्याच झाडाची फांदी लई लवकर धरती."

अण्णा कठड्याकडे बघत होते. "काल छाटली म्या. चार माणसांत न्यायचं झाड, नीट दिसावं म्हणून."

मी डोक्याला हात लावला. चाचांनीही.

"आता वाढू द्या," चाचा म्हणाले. "पावसाळाभर कात्री लावू नका, मग या. न्हाईतर इथंच ठेवून जा, मी बघतो."

"ठेवत न्हाई," अण्णा म्हणाले. "एकदा सगळं ठेवून आलोय."

चाचांनी यावर चहा मागवला.

परतीच्या गाडीत अहमदपूरपर्यंत मी बडबडत होते. चार तास जायला, चार तास यायला, आणि हाती काय, तर हजामत केलेलं झाड. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. लोहा गेल्यावर म्हणाले, "एक तू तोडली. एक म्या."

आता वडाचा अगदी अवतार झालाय. एकच फांदी वेडीवाकडी वाढून दोरीवरच्या कपड्यांत शिरते. तुटकी बाजू मात्र भिंतीकडे नाही. अण्णांचा हात शिवशिवतो, ते मला दिसतं. परवा त्यांनी कात्री कागदात गुंडाळून माझ्याकडे दिली.

"तुझ्यापाशी राहू दे," म्हणाले. "मागितली तरी देऊ नको."