चुनामिस्त्रीची खिडकी

चुनामिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत. तहान असो की नसो. पाणी येईपर्यंत डोळे मिटून बसत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, माणूस देवभक्त असावा. माझी बायको कमल स्वयंपाकघरातून निघाली, मधल्या खोलीतल्या पलंगाला वळसा घालून, कपाटाच्या उघड्या दाराला चुकवून, सोफ्यामागून बैठकीत आली. मिस्त्रींनी गिलास घेतला, एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "तेवीस पावलं. वयनी, तुमी पानी देऊन राहिल्या का गावाले जाऊन राहिल्या?"

कमल तोंडाला पदर लावून हसली. तीस वर्षांच्या संसारात तिची पावलं कोणी मोजली नव्हती. मी हसलो नाही. घर बांधलं तेव्हा त्याचा नकाशा मीच काढला होता.

मिस्त्रींचं खरं नाव सुखदेवराव. भातकुलीहून मोपेडवर यायचे. पुढच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि पांढऱ्या फक्कीचा एक डबा. कागदावरच्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. ते नकाशा काढायचे थेट फरशीवर, खऱ्या मापात, चुन्याच्या फक्कीनं. इथं भिंत, इथं दार, इथं ओटा. मग घरच्यांना सांगायचे, "आठ दिवस असंच राहून पाहा. नाही जमलं तं झाडू मारा, भिंत गेली." म्हणून आमच्या अमरावतीच्या कॉलनीत सगळे त्यांना चुनामिस्त्री म्हणत. तेव्हा ते मायेचं नाव होतं. पुढे त्या नावाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. वयाच्या सत्त्याहत्तरीत हा कागद पुढे ओढलाय तो त्यासाठीच.

तेव्हा मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो, निवृत्तीचं वर्ष होतं आणि मंजूचा, म्हणजे आमच्या मुलीचा, साखरपुडा मे महिन्यात घरीच करायचं ठरलं होतं. अकोल्याहून व्याह्यांकडची साठ माणसं येणार, तेव्हा बैठक मोठी करणं भाग होतं. मी आलेखाच्या कागदावर पट्टी लावून नवा नकाशा तयार ठेवला होता. भिंतभर शोकेस, दाराला कमान, पडदे हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेले. मिस्त्रींनी तो बराच वेळ पाहिला.

"अक्षर लय सुंदर हाय सायेब. पन याच्यात कुलर कुठं हाय?"

"कुलरचं नंतर पाहू."

"मे महिन्यात पाहुने बोलावून राहिले अन् कुलर नंतर? पाहुने हायेत का कुरड्या?"

नकाशा त्यांनी घडी घालून मला परत दिला. कमलनं तो पुढे पापडाच्या डब्यात तळाशी अंथरला. बसला अगदी मापात.

कुलरच्या बाबतीत मिस्त्रींचं म्हणणं असं की, घरात मान कोणाचा हे नावाच्या पाटीवरून कळत नाही, कुलरची हवा कोणाला लागते त्यावरून कळतं. आमच्या घरातला मान शोधायला त्यांनी भर दुपारी कुलर लावला, एक उदबत्ती पेटवली आणि ती हातात धरून खोल्या-खोल्यांतून हळूहळू फिरले. दर चार पावलांवर थांबायचे आणि धूर कुठं वळतो ते पाहायचे. शेजारच्या वानखडेंच्या बायकोला खिडकीतून हे दिसलं. आमच्याकडे काही पूजा निघाली असं वाटून ती नारळ घेऊन आली. मिस्त्रींनी नारळ घेतला, डोक्याला लावला आणि शोधकाम पुढे चालू ठेवलं. माझ्या खुर्चीपाशी धूर आडवा झाला, टीव्हीपाशी नाचला, मधल्या खोलीत घुटमळला. स्वयंपाकघरात गॅससमोर मात्र तो खांबासारखा सरळ उभा राहिला.

"इथं हवा मेली," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या घरात दोन मुलुख हायेत सायेब. एक महाबळेश्वर अन् एक हे."

फक्कीच्या भिंतींत राहण्याचे ते आठ दिवस मी विसरणार नाही. मधली भिंत पाडून बैठक वाढवायची आणि स्वयंपाकघराचं दार सरकवायचं, असा बेत फरशीवर उतरला होता. मिस्त्री कधीही यायचे आणि उंबऱ्यात गुपचूप उभे राहायचे. मी घाईत पेपर आणायला निघालो की मागून आवाज, "सायेब, तुमी भिंतीतून आले." मग मला परत जाऊन दारातून यावं लागे. वानखडे एकदा सरळ रेघ ओलांडून गप्पा मारायला आले, तर मिस्त्रींनी त्यांना बाहेर पाठवलं. तेही गेले, नसलेल्या दारावर टकटक केली आणि आत आले. या प्रकारानं वानखडे इतके खूश झाले की, आपल्या घरावर मजला चढवायचा तर याच मिस्त्रीच्या हातानं, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

पाचव्या दिवशी मिस्त्रींनी फरशी सोडली आणि स्वयंपाकघर व वाढीव बैठक यांच्यामधल्या भिंतीवर चुन्याचा एक चौकोन काढला. चार फूट रुंद, खाली कडप्प्याची फळी. म्हणाले, "इथं खिडकी. कुलरच्या हवेले बाहेर जायाले वाट पाह्यजे, नाही तं ते घरातच कुजते. इकून घुसन, वयनीच्या अंगावरून जाईन अन् मागच्या खिडकीतून निंघन. फोडणीचा वासही तिकूनच जाईन. ताटं इथूनच द्या. तेवीस पावलं वाचले."

मी म्हणालो, "पाहुण्यांना आमची भांडी दिसतील."

"दिसू द्या. त्यायलेही माहीत हाय जेवन कचेरीतून येत नाही म्हनून."

मी नाहीच म्हणणार होतो. तेवढ्यात कमल त्या चौकोनासमोर उभी राहून म्हणाली, "मले पाह्यजे." लग्नानंतर तिनं स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी मिस्त्रींना म्हणालो, "काढा." हा शब्द मी उच्चारला होता. कमल साक्षीला होती, मंजू होती. एवढं लक्षात ठेवा.

काम संपल्यावर पैसे घेण्याआधी मिस्त्रींचा एक प्रश्न असे. घरातल्या प्रत्येकाला ते नव्या खोलीत हवं तिथं बसायला सांगत आणि एकेकाला विचारत, "गमते का?" वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगणं अवघड आहे. करमतं का, जीव रमतो का, उठावंसं वाटत नाही ना, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मंजू म्हणाली, "गमते काका." खिडकीच्या पलीकडे कमल कडप्प्यावर कोपरं टेकून उभी होती, तिचे केस कपाळावर उडत होते. ती म्हणाली, "लय गमते." मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बघू." मिस्त्री म्हणाले, "घाई नाही सायेब. तुमाले वेळ लागन."

साखरपुड्याच्या दिवशी अमरावती उन्हानं पेटली होती. अकोल्याची मंडळी उतरली ती, आमच्याकडे याहून जास्त तापते, हे अभिमानानं सांगतच. कमलनं मिस्त्रींना आग्रहानं बोलावलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. बैठकीत कुलर घुमत होता, खिडकीतून सरबताचे गिलास येत होते. नवऱ्या मुलाची आत्या, भारदस्त बाई, जिच्या होकाराशिवाय अकोल्याकडचं पान हलत नसे, ती खिडकीसमोर थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "हे काय बाई? घरात तिकीट खिडकी काढली काय? दोन फुल, एक हाफ द्या!"

साठ माणसं हसली. मला मुलीकडच्या बापाचा घाम फुटला. आणि मी, कोणी विचारलं नसताना, बोलून गेलो, "अहो, मी कुठं सांगितली होती! हा आमचा चुनामिस्त्री. नावाप्रमाणं चुना लावून गेला!"

हशा दुप्पट झाला. आयुष्यात माझ्या विनोदाला इतकी दाद मिळाली ती तेवढीच. कमल खिडकीपलीकडे गिलास भरत होती, तिचा हात थांबला. मिस्त्री खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझे वाभाडे निघणार. ते आत्याबाईंना हात जोडून म्हणाले, "माहीच चूक हाय बाई. सायबानं नाही म्हनलं होतं. मीच ऐकलं नाही."

मग ते जेवले, पान घेतलं आणि कमलला "येतो वयनी" म्हणून गेले. माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

पुढची गंमत ऐका. अर्ध्या तासात आत्याबाईंनी आपली खुर्ची त्याच खिडकीशी ओढून घेतली. दोन्ही मुलुखांची हवा तिथं एक होत होती. संध्याकाळी निघेपर्यंत त्या उठल्या नाहीत. दोन्हीकडच्या बायका तिथंच जमल्या, उखाणे तिथंच झाले, आणि व्याही मला बाजूला घेऊन म्हणाले, "खिडकी झकास आहे हो, कल्पना कोणाची?" मी म्हणालो, "माझीच." एका दिवसात एका खिडकीविषयी मी दोनदा खोटं बोललो. नावं ठेवली तेव्हा ती मिस्त्रीची होती, वाखाणली तेव्हा माझी झाली.

विनोद मात्र कॉलनीत राहिला. चुनामिस्त्री म्हटलं की लोक आता डोळा मिचकावत. वानखडेंनी मजल्याचं काम दुसऱ्याला दिलं. त्या दुसऱ्यानं जिना असा काढला की वरून तिसऱ्या पायरीवर माणसाचं कपाळ तुळईला लागतंच. गेली एकोणीस वर्षं वानखडेंच्या कपाळाच्या डाव्या बाजूला एक टेंगूळ मुक्कामाला आहे. ते मी रोज सकाळी फाटकाशी पाहतो आणि नमस्कार करतो. वानखडेंना वाटतं, नमस्कार त्यांना आहे. मिस्त्रींची मोपेड आमच्या गल्लीत पुन्हा दिसली नाही. पाहुण्यांसमोर मी खिडकीची कथा सुरू केली की कमल उठून आत जायची.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. मे महिन्यात पहिल्यांदा मी गॅससमोर तासभर उभा राहिलो. घामानं डोळे चुरचुरत होते, आणि मानेवर मागून काहीतरी गार टेकलं. खिडकीतून आलेली हवा होती. मी पोळी तव्यावर करपू दिली. भातकुलीला जायचं त्याच दिवशी ठरवलं. पण लाजेपायी आज-उद्या करत शेवटी गेलो ते संक्रांतीनंतर.

घर सापडलं. मिस्त्रीणबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "ते तं दिवाळीच्या आंधीच गेले." मी ओसरीच्या कडेला बसलो. त्या उठून माठातलं पाणी घेऊन आल्या. चार पावलं. मी मोजली हे त्यांनी ओळखलं.

"लोकायच्या घरी मोजत, तसं इथंही मोजूनच माठ ठेवला त्यायनं."

मी सगळं सांगितलं. काढा म्हटलेलं, तिकीट खिडकी, चुना, हशा. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या.

"घरी काही बोलले होते का?" मी विचारलं.

"बोलत होते ना. अमरावतीले एका घरी खिडकी केली, तिथं वयनीले गमते. इतकंच."

"मी माफी मागायला आलो बाई."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "मंग मले काहून सांगून राहिले? मी तं त्यायले चुकले असं कधी म्हनलं नाही. तुमी चार लोकायत म्हनलं ना? मंग त्यायले जाऊन सांगा. माह्यासमोर रडून मिस्त्रीचं नाव धुतल्या जाते का?"

परतीच्या ऑटोत मी ठरवलं, सुरुवात टेंगळापासून करायची. वानखडेंना आता ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन त्यांचं टेबलाच्या खणात असतं. फाटकाशी उभं राहून मी म्हणालो, "वानखडे, मिस्त्री चुकले नव्हते."

"कोन चुकलं?"

"मी! मी चुकलो! खिडकी मीच काढायला सांगितली होती!"

"खिडकी बंदच असू द्या, थंडी हाय."

"मी खोटं बोललो! चुना मिस्त्रीनं नाही, मी लावला!"

गल्लीतली सगळी फाटकं वाजली. लोक बाहेर आले. मी त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा ओरडलो, पहिल्यापासून, काही न गाळता. वानखडेंच्या सुनेनं मशीन आणून त्यांच्या कानात घातलं, तेव्हा तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांचा हात हळूहळू कपाळाकडे गेला.

"म्हनजे मी एकोणीस वर्षं तुमच्यामुळं आपटून राहिलो?"

"हो."

"या," ते शांतपणे म्हणाले. "चहा घ्या. वर गच्चीवर बसू." जिना चढलो. उतरताना ते पुढे होते. त्यांनी मला सावध केलं नाही.

अकोल्याला फोन केला तो डोक्याला हळद लावून. आत्याबाई आता नव्वदीच्या आहेत. म्हणाल्या, "मी तं हसाले म्हनलं होतं. अन् तुमी त्या बिचाऱ्यालेच फासावर देल्लं?" मी हो म्हणालो. उरलेल्यांपर्यंत हे लिखाण पोचेल.

आता पुन्हा मे लागला आहे. मंजू एसी घ्या म्हणून मागे लागली आहे, आम्ही टाळतो. कमल बैठकीत कुलरसमोर पाय लांब करून बसते. काल दुपारी मी चहा केला आणि कप कडप्प्यावरून तिच्याकडे सरकवला. गॅसपासून दोन पावलं. तिनं घोट घेतला, "साखर कमी हाय" म्हणाली, आणि कपाच्या कडेवरून माझ्या ओल्या मानेकडे पाहत राहिली.

"गमते का?" तिनं विचारलं.

मी कडप्प्यावर कोपरं टेकली. "गमते," म्हणालो, जरा मोठ्यानंच, दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं.