परप्रांतीय आघाडीच्या ताई

लग्न होऊन मी तेलंगणातून दौंडला आले तेव्हा मला मराठीतले दोनच शब्द येत होते, 'हो' आणि 'नको'. नवरा रेल्वेत. मी घरी शेजारणींचे ब्लाउज शिवायला लागले आणि त्यांच्याच गप्पांतून भाषा शिकले. आता शिरूरजवळ माझा शिलाईचा कारखाना आहे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवायचा. चाळीस बायका कामाला आहेत. पक्षाची माणसं माझ्याकडे आली ती या चाळीस जणींमुळे, हे मला फार उशिरा कळलं. सभेच्या चाळीस खुर्च्या फुकटात भरत होत्या.

मला पद दिलं ते परप्रांतीय महिला आघाडीच्या तालुकाध्यक्षाचं. अठ्ठावीस वर्षं इथं राहिले, इथंच मत देते, पोरगी इथल्याच घरात दिली. तरी परप्रांतीयच.

पहिल्या सभेआधी तालुक्याचे नेते, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, भाषण हिंदीत करा."

"का? मला मराठी येतं की."

"येतंय हो. पण मराठीत बोललात तर परप्रांतीय कशा वाटणार तुम्ही?"

त्यांनी हिंदी भाषणाचा कागद माझ्या हातात ठेवला.

ज्यांच्यासाठी हिंदी, त्या कंपन्यांतल्या परप्रांतीय कामगारांना शिफ्टमधून सुट्टीच मिळाली नाही. समोर सगळ्या गावातल्याच बायका. मी "बहनो" म्हणाले तशी पुढची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ही आपली शिलाईवाली न्हाई का? आज आशी काय बोलतीया?"

मी कागद पर्समध्ये कोंबला आणि मराठीत सुरू झाले. बाजारतळावर बायकांचं स्वच्छतागृह बांधून वर्ष झालं, तरी त्याला कुलूप. बाजाराला येणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे सांगितलं. टाळ्या पडल्या. आप्पा मोबाईलमध्ये बघत बसले.

खाली उतरल्यावर म्हणाले, "विषय काढायच्या आधी विचारायचं असतं, ताई. किल्ली आपल्याच माणसाकडं हाय."

"मग उघडा की!"

चार दिवसांनी कुलूप निघालं. आत नळाला पाणी नव्हतं. त्यासाठी ग्रामपंचायतीत खेपा घालून माझ्या चपला झिजल्या. ग्रामसेवक साहेब कायम मिटिंगला. शेवटी दहा जणींना घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसले, तेव्हा कुठं टाकी बसली. टाकीवर आप्पांचा हसरा फोटो.

मी वैतागून राजीनामा लिहिला, पानभर. आप्पांनी तो सावकाश वाचला आणि चष्मा काढत ते म्हणाले, "झकास लिहिलंय. कुणाकडून लिहून घेतलं?"

राजीनामा अजून मंजूर झालेला नाही, नामंजूरही नाही. बाजारात बायका मात्र मलाच गाठतात, "ताई, टाकी पुन्हा रिकामी हाय." मग मी पुन्हा ग्रामपंचायतीची वाट धरते.